रुग्णांची भाषा शिकलेले डॉ. कोटणीस



देगलूर-किनवटकडील तेलुगू बोलणारी एखादी बाई नांदेडच्या दवाखान्यात येते, उदगीरकडील कानडी बोलणारी आजी लातूरला येते, तेव्हा सोबतच्या लहान मुलालाच दुभाष्या व्हावे लागते. बायकांची दुखणी मुलाच्या तोंडून कशी सांगावी? ती मग मनातच राहतात. ऊसतोडीसाठी कर्नाटकात जाणाऱ्या आपल्याकडच्या भगिनींचीही हीच गत होते. म्हणून आपल्या शेजारच्या सोलापूरच्या एका सुपुत्राचे आज स्मरण करू या.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते डॉक्टर झाले. १९३७ साली जपानने चीनवर चढाई केली. तेथील जखमींच्या सेवेसाठी राष्ट्रसभेने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक धाडले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि तरुण कोटणीसही होते.

तेथे परके होते ते डॉक्टरच. चिनी भाषेत नुसता सूर बदलला तरी शब्दाचा अर्थ बदलतो, आणि लिपीत तर हजारो चिन्हे. दुभाष्याच्या आधाराने काम भागले असते. पण कळ कोठे आहे, केव्हापासून आहे, हे रुग्णाने स्वतः सांगावे आणि आपण ते ऐकावे, याचे मोल कोटणीसांनी जाणले. ते नेटाने चिनी शिकले, खेड्यांतील लोकांत राहिले, त्यांचेच अन्न जेवले. पथकातील तिघे सोबती मायदेशी परतले, तरी ते मागे राहिले. १९४१ मध्ये ते डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. तेथील विद्यार्थ्यांना ते चिनी भाषेतून शस्त्रक्रिया शिकवीत.

त्याच वर्षी त्यांनी परिचर्या शिकविणाऱ्या कुओ छिंगलान यांच्याशी विवाह केला. पुढील वर्षी पुत्र झाला. त्याचे नाव इन्हुआ ठेविले. त्यात भारत आणि चीन हे दोन्ही देश सामावले आहेत. परंतु सुख अल्पकाळचे ठरले. अपस्माराच्या झटक्यांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. बाळ तेव्हा काही महिन्यांचेच होते. चिनी जनता त्यांना अजून विसरलेली नाही, आणि सोलापुरातही त्यांचे स्मारक उभे आहे.

आपण काही डॉक्टर नव्हे. परंतु आपल्यापैकी कुणाला तेलुगू येते, कुणाला कानडी, कुणाला बंजारा बोली. शेजारची एखादी अडलेली बाई दवाखान्यात निघाली, तर घरचे काम घटकाभर बाजूला ठेवून तिच्यासोबत जावे आणि तिचे दुखणे डॉक्टरांच्या कानी नीट घालावे. यासाठी वर्गणी लागत नाही. मंडळाच्या वर्धापनदिनी एवढा संकल्प आपण सहज करू शकतो.