नाझ्काच्या रेषांची राखणदार : मारिया राइशे

कोलकात्यात डमडमच्या जवळून बराकपूरकडे जाणाऱ्या ट्रंक रोडलगत विटांचा एक जुना, उंच मनोरा उभा आहे. त्याचा जोडीदार उत्तरेस सुखचर येथे आहे. १८३१-३२ मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणासाठी येथे सहा मैलांहून अधिक लांबीची आधाररेषा मोजण्यात आली आणि तिच्या दोन टोकांना हे मनोरे बांधण्यात आले. विमानाचा शोध तेव्हा लागायचा होता. जमिनीवर उभे राहून, नेम धरून आणि धातूचे गज एकापुढे एक मांडून ही रेषा सरळ राखली गेली.

मैलोगणती सरळ रेषा आखण्यासाठी आकाशात जाण्याची गरज नसते, याचा हा मनोरा साक्षीदार आहे. मात्र दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या वाळवंटात आढळलेल्या अतिविशाल रेषा आणि चित्रांविषयी नेमकी हीच शंका अनेक वर्षे घेतली जात होती. त्या शंकेचे उत्तर जमिनीवरच शोधण्यात एका जर्मन महिलेने आयुष्याची पन्नास वर्षे वेचली. मारिया राइशे हे त्यांचे नाव.

मारिया राइशे यांचा जन्म १५ मे १९०३ रोजी जर्मनीतील ड्रेस्डेन येथे झाला. पहिल्या महायुद्धात त्यांचे वडील मरण पावले. गणित, भूगोल आणि भाषा या विषयांचे शिक्षण घेतल्यानंतर १९३२ मध्ये त्या पेरूतील कुस्को येथे जर्मन वाणिज्यदूताच्या मुलांच्या शिक्षिका म्हणून दाखल झाल्या. दोन वर्षांनी जखम चिघळल्याने त्यांना हाताचे एक बोट गमवावे लागले. पुढे राजधानी लिमा येथे शिकवण्या आणि शास्त्रीय लेखनाचे भाषांतर यांवर त्या उदरनिर्वाह करू लागल्या.

याच भाषांतराच्या कामातून त्यांची अमेरिकन अभ्यासक पॉल कोसॉक यांच्याशी ओळख झाली. कोसॉक पेरूतील प्राचीन पाटबंधाऱ्यांचा अभ्यास करीत होते. २२ जून १९४१ रोजी, दक्षिण गोलार्धातील वर्षाच्या सर्वांत लहान दिवशी, नाझ्काच्या पठारावरील एका रेषेच्या टोकाशी सूर्य मावळताना त्यांनी पाहिला. या रेषा म्हणजे खगोलीय दिनदर्शिका असावी, असा तर्क त्यांनी मांडला आणि पुढील निरीक्षणाचे काम राइशे यांच्याकडे सोपविले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मन नागरिक म्हणून त्यांच्या हालचालींवर निर्बंध आले. १९४६ मध्ये मात्र त्यांनी नाझ्का येथे नियमित काम सुरू केले.

नाझ्काच्या पठारावर लोह आणि मँगनीजच्या संयुगांमुळे काळपट तांबूस झालेल्या दगडगोट्यांचा थर आहे. हे दगड बाजूला सारले की खालची फिकट पिवळसर माती दिसू लागते. रेषा आखण्याची रीत एवढीच आहे. पाऊस जवळपास पडतच नसल्याने सुमारे दीड ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या या रेषा टिकून राहिल्या. काही रेषा अनेक किलोमीटर लांब आहेत. सुमारे ४६ मीटरचा कोळी, ९० मीटरहून मोठे माकड आणि १३० मीटरहून मोठा कंडोर गिधाड ही त्यांतील प्रसिद्ध चित्रे होत. माकडाच्या हातांना मिळून नऊच बोटे आहेत. स्वतः एक बोट गमावलेल्या राइशे यांना या चित्राविषयी विशेष जिव्हाळा वाटत असे.

शिडी, मोजपट्टी, दोरी, होकायंत्र आणि झाडू हे त्यांचे साहित्य होते. शतकानुशतकांची धूळ झाडून त्या रेषा उघड्या करीत आणि मापे नोंदवीत. झाडू घेऊन वाळवंटात फिरणाऱ्या या बाईंना स्थानिक लोक वेडी समजत. पेरूच्या हवाई दलाने छायाचित्रणासाठी त्यांना साहाय्य केले.

या मोजणीतून चित्रांच्या निर्मितीविषयीचे त्यांचे मत तयार झाले. सरळ रेषेसाठी दोन खुंट रोवून तिसरा खुंट नजरेने त्यांच्या ओळीत आणणे पुरेसे होते. वक्राकार भागांसाठी खुंटाला दोरी बांधून कंपासप्रमाणे कंस काढले जात आणि वेगवेगळ्या त्रिज्यांचे कंस एकमेकांस जोडले जात. आधी लहान जागेत कच्चे चित्र काढून, मग ठरावीक मापाने त्याचा एकेक भाग वाढविला जात असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. काही रेषांच्या टोकांशी लाकडी खुंटांचे अवशेष सापडल्याने या मताला बळकटी मिळाली.

दरम्यान, इतर तर्कही पुढे येत राहिले. १९६८ मध्ये एरिक फॉन डॅनिकेन यांच्या पुस्तकाने परग्रहावरून आलेल्या यानांशी या रेषांचा संबंध जोडला. मऊ मातीच्या या पठारावर जड यान उतरूच शकले नसते, असे राइशे यांनी निदर्शनास आणले. १९७५ मध्ये जिम वुडमन यांनी सुती कापड आणि बोरू वापरून बनविलेला उष्ण हवेचा फुगा नाझ्कावर काही मिनिटे उडवून दाखविला. असा फुगा बनविणे शक्य होते, एवढेच त्यातून सिद्ध झाले. प्राचीन काळी तो बनविला गेल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. १९८२ मध्ये अमेरिकेतील जो निकेल यांनी मोजक्या मदतनीसांसह खुंट, दोरी आणि लाकडी फुली यांच्या आधारे एका शेतात १३० मीटरहून मोठा कंडोर आखला. विमानातून घेतलेल्या छायाचित्रात तो मूळ चित्राशी जुळणारा दिसला.

चित्रे कशी काढली, याविषयी राइशे यांचे मत असे टिकून राहिले. ती कशासाठी काढली, याविषयीचे त्यांचे मत मात्र तितकेसे टिकले नाही. खगोलशास्त्रज्ञ जेराल्ड हॉकिन्स यांनी संगणकाच्या साहाय्याने तपासणी केली, तेव्हा रेषा आणि ग्रहताऱ्यांच्या जागा यांचा मेळ योगायोगापेक्षा अधिक आढळला नाही. रेषांवर सापडलेल्या फुटक्या भांड्यांच्या तुकड्यांवरून, पाण्यासाठीच्या प्रार्थना आणि मिरवणुकांशी त्यांचा संबंध असावा, असे अनेक संशोधक मानतात. राइशे अखेरपर्यंत दिनदर्शिकेच्या मतावर ठाम राहिल्या.

त्यांचे सर्वांत मोठे कार्य कदाचित संशोधनाच्याही पलीकडचे आहे. पॅन-अमेरिकन महामार्गाने सरड्याचे एक चित्र दुभंगले होते. १९५० च्या दशकात हे पठार पाण्याखाली आणून कापूस पिकविण्याची योजना पुढे आली, तेव्हा त्यांनी तिला विरोध केला. पुस्तकांच्या उत्पन्नातून त्यांनी राखणदार नेमले. पर्यटकांनी रेषा तुडवू नयेत, यासाठी १९७६ मध्ये महामार्गालगत स्वखर्चाने निरीक्षण मनोरा उभारला. पुढे दृष्टी अधू झाली, चालणे थांबले, तरी नाझ्का येथे येणाऱ्यांना त्या माहिती देत राहिल्या. १९९४ मध्ये युनेस्कोने या रेषांचा जागतिक वारशात समावेश केला. ८ जून १९९८ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, राइशे यांचे लिमा येथे निधन झाले. नाझ्काजवळील त्यांच्या जुन्या निवासस्थानी त्यांचे दफन करण्यात आले. तेथे आता संग्रहालय आहे.

शोध त्यांच्यानंतरही सुरू राहिला. २०२४ मध्ये जपानच्या यामागाता विद्यापीठाच्या संशोधकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने ३०३ नवी चित्रे शोधल्याचे जाहीर केले. धोकेही सरलेले नाहीत. २०१८ मध्ये महामार्ग सोडून पठारावर शिरलेल्या एका ट्रकने काही रेषांची हानी केली.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. कोकणातील जांभ्या दगडाच्या सड्यांवर काशेळी, उक्षी, देवीहसोळ, बारसू अशा अनेक गावांत कातळशिल्पे आहेत. काशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. कोकण आणि गोव्यातील निवडक स्थळांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. ही शिल्पे पांडवांनी एका रात्रीत कोरली, अशी समजूत काही ठिकाणी ऐकू येते. कातळावर छिन्नीचे घाव घालणारे हात मात्र माणसांचेच होते. त्या हातांची नावे आता कळणार नाहीत. त्यांनी मागे ठेवलेल्या खुणा जपणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.