धाडसाचा हिशेब

हिवाळ्याची चाहूल लागली की नंदुरबार शहराभोवतीची मोकळी राने लालभडक दिसू लागतात. बाजार समितीत लिलावाने घेतलेली ओली मिरची व्यापारी पथारींवर वाळत घालतात आणि मग अनेक दिवस साऱ्यांचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात. अवकाळी पावसाची एक सर आली तरी पथारीवरचा माल काळवंडतो, आणि त्याबरोबर व्यापाऱ्याचे भांडवल व मजुरांची रोजी बुडते. शहाद्याकडचा कापूस पिकवणारा शेतकरी असो की धडगावच्या डोंगरउतारावर मका-ज्वारी पेरणारा आदिवासी असो, दर मृग नक्षत्रात तो घरातले किडूकमिडूक मातीत टाकतो आणि पावसाची वाट पाहतो. जोखीम पत्करणे या जिल्ह्याला कोणी शिकवावे असे नाही. तरीही इतक्या पिढ्यांच्या या धाडसातून जिल्ह्यात कारखानदारी फारशी उभी राहिली नाही. दिवाळी सरली की सातपुड्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातची वाट धरतात आणि शिकलेली मुले भरतीच्या जाहिरातींकडे डोळे लावून बसतात. जोखमीचे उद्योगात रूपांतर होण्यासाठी धाडसाच्या जोडीला आणखी काय लागते, या प्रश्नाचे उत्तर शोधू जाता महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातील एका मास्तराच्या चरित्राकडे वळावे लागते. ते मास्तर म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील वेदान्तात रमलेले, घरची परिस्थिती बेताची, आणि व्यापार-कारखान्याची कोणतीही परंपरा पाठीशी नाही. शाळेच्या पुस्तकांपेक्षा चित्रे काढण्यात आणि यंत्रे न्याहाळण्यात या मुलाचा जीव अधिक रमे. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या आधारावर 1885 साली तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. चित्रकार होण्याचे स्वप्न मात्र लवकरच भंगले, कारण काही रंगांतील भेद त्याच्या डोळ्यांना कळत नसल्याचे निष्पन्न झाले. रंगांधळ्या माणसाने रंगांची उपासना कशी करावी? अशा वेळी दैवाला बोल लावून गावी परतणे सोपे होते. लक्ष्मणरावांनी ते केले नाही. रंग नाहीत तर रेषा तरी आहेत, असा विचार करून त्यांनी यांत्रिक आरेखनाचे शिक्षण पुरे केले. गेलेल्या गोष्टीचा शोक आवरून हाती उरलेल्या गोष्टीचा हिशेब मांडायचा, हा त्यांच्या पुढील आयुष्याचा नेमच या पहिल्या अपयशात घडला.

त्या आरेखनाच्या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेत, त्यांना दरमहा 45 रुपयांवर शिक्षकाची नोकरी मिळाली. त्या काळच्या मध्यमवर्गीय कुटुंबाला ती सुखाची वाटावी अशीच होती. पण हे मास्तर घंटा झाली म्हणून घरी जात नसत. संस्थेच्या कर्मशाळेत यंत्रे खोलून पुन्हा जोडावीत, परदेशी तांत्रिक नियतकालिके वाचावीत, जे मुलांना फळ्यावर शिकवायचे ते आधी आपल्या हातांना शिकवावे, असा त्यांचा क्रम असे. याच सुमारास सायकल हे नवे वाहन मुंबईच्या रस्त्यांवर दिसू लागले होते. 1888 साली दोघा बंधूंनी बेळगावात सायकलींचा लहानसा व्यवसाय सुरू केला. लक्ष्मणरावांनी मुंबईत माल पारखून पाठवावा, रामूअण्णांनी बेळगावात तो विकावा आणि गिऱ्हाइकाला सायकल चालवायलाही शिकवावे, अशी ही वाटणी होती. किर्लोस्कर बंधू हे नाव महाराष्ट्राच्या व्यापारात प्रथम उमटले ते असे, पगाराला धक्का न लावता.

1897 साली त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला बढती देण्यात आली आणि लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. या प्रसंगाची कथा स्वाभिमानाची म्हणून वारंवार सांगितली जाते आणि ती खरीही आहे. परंतु तिची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. राजीनामा एका दिवसात लिहिला गेला असला, तरी त्याची तयारी कित्येक वर्षे चालली होती. हाताला यंत्रांची सवय झालेली होती, बेळगावात दुकान चालू होते, भावाची साथ होती आणि बाजाराची थोडीफार ओळख होती. संतापाच्या भरात घेतलेली उडी आणि खालची जमीन पाहून घेतलेली उडी दुरून सारखीच दिसते. तिच्यातला फरक उडी घेणाऱ्याच्या मागील वर्षांत असतो.

बेळगावला आल्यावर लक्ष्मणरावांची दृष्टी शेतकऱ्याच्या गोठ्याकडे व शिवाराकडे वळली. जनावरांना आख्खा कडबा घातला की निम्मा पायदळी जातो, हे पाहून त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. त्यानंतर हाती घेतला तो लोखंडी नांगर. खोल काळ्या जमिनीत हरळी व कुंद्याची मुळे इतकी दूरवर शिरतात की लाकडी नांगर त्यांच्या वरवरच फिरतो. जमीन उलथून मुळे उघडी पाडील असे अवजार हवे होते. असे नांगर विलायतेहून येत, पण ते सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात नव्हते. आपल्या मातीसाठी, आपल्या बैलांसाठी, आपल्याच ओतशाळेत नांगर करायचा, असा निश्चय लक्ष्मणरावांनी केला. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी तो नांगर तयार झाला आणि मग तो तसाच पडून राहिला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत शेतकऱ्यांत पसरलेली होती. पहिले मोजके नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली.

लक्ष्मणरावांच्या चरित्रातील सर्वांत मोलाचा काळ कदाचित हाच असावा. मालाला उठाव नाही, कामगारांचा पगार थांबत नाही आणि गुंतलेला पैसा डोळ्यांसमोर गंजतो आहे, अशा वेळी दोन मोह होतात. अज्ञानी गिऱ्हाइकाला दोष देऊन धंदा बंद करावा, हा एक. असेल नसेल ते गहाण टाकून आणखी शंभर नांगर ओतावेत आणि नशिबाची परीक्षा पाहावी, हा दुसरा. लक्ष्मणराव दोन्ही मोहांपासून दूर राहिले. शेतकऱ्याचा संशय हा त्यांनी मूर्खपणा मानला नाही. ज्याचे वर्षाचे अन्न एका शिवारावर अवलंबून आहे, त्याने नवे अवजार जपूनच घ्यायचे असते. त्याची खात्री पटायची तर ती त्याच्या बांधावर, त्याच्या बैलांच्या मागे पटणार होती. नांगराचा फाळ मऊ राहिला तर झिजतो आणि फार कडक झाला तर ठिसूळ होऊन तुटतो. हा मेळ जमेपर्यंत ओतकाम सुधारत राहावे लागते. वाट पाहण्याचा काळ हा शिकण्याचा काळ ठरला. नांगरलेले शेत शेजारच्या शेतापेक्षा वेगळे दिसू लागले, तेव्हा समजूत आपोआप मागे पडली.

धंदा रुळावर येत असतानाच नवे संकट उभे राहिले. बेळगावात टिळकवाडी, म्हणजे त्या वेळची ठळकवाडी, ही नवी वसाहत आखली जाऊ लागली आणि नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करण्यास सांगितले. यंत्रे आहेत, कारागीर आहेत, पण पाय टेकायला जागा नाही, अशी अवस्था झाली. या अडचणीच्या काळात त्यांना औंध संस्थानात एका सभामंडपाच्या बांधकामाचे काम मिळाले होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे कलेचे जाणकार आणि माणसांचे पारखी होते. त्यांनी कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची 32 एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला, पाण्यावाचून तापलेला, सापांनी वस्ती केलेला माळ होता. परंतु रेल्वेचा रूळ शेजारून जात होता, आणि ओतीव लोखंड आणणाऱ्या व नांगर पाठवणाऱ्या माणसाला तो रूळ नदीकाठाइतका मोलाचा होता. 10 मार्च 1910 रोजी तेथे कारखान्याचा व वस्तीचा आरंभ झाला. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी ती हीच.

ही वाडी ज्यांनी उभारली, ती माणसे पदव्यांची नव्हती. शंभूराव जांभेकर यंत्रांचे जाणते झाले, मंगेशराव रेगे यांनी हिशेब आणि व्यवस्था सांभाळली, अनंतराव फळणीकरांसारखा शाळेत न रमलेला मुलगा येथे कर्तबगार ठरला. रात्रीच्या पहाऱ्यासाठी लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना नेमले. पाहणाऱ्यांना हे अविचारी वाटले असेल. पण समाजाने टाकलेल्या माणसावर विश्वास टाकला तर तो विश्वास जपण्यासाठी तो दुप्पट जागतो, हा त्यांचा अनुभव होता. अस्पृश्यतेला त्यांनी आपल्या वस्तीत थारा दिला नाही. यंत्राला जात कळत नाही आणि कारखान्यात ती कळू देता कामा नये, ही त्यांची धारणा उदारतेइतकीच व्यवहारातूनही आलेली होती.

1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी नांगरांची आयात आटली. मागणी वाढली, पण कच्चे लोखंड आणि कोळसाही मिळेनासा झाला. या टंचाईत कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील निकामी जुन्या तोफा कारखान्याला दिल्या. एके काळी गडावरून आग ओकणारे लोखंड किर्लोस्करवाडीच्या भट्टीत वितळले आणि नांगर होऊन शिवारात गेले. 1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, पाण्याचे पंप असा पसारा वाढत गेला. पुत्र शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून आले आणि पुढील पिढीने हरिहर, पुणे येथे नवे कारखाने उभे केले. गांधीहत्येनंतर उसळलेल्या 1948 च्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली, तेव्हा लक्ष्मणरावांनी अठ्ठ्याहत्तरी गाठली होती. तो घावही पचवून कारखाना पुन्हा सुरू झाला. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

या आयुष्याकडे समग्रपणे पाहिले तर धाडस आणि जुगार यांतील सीमारेषा स्पष्ट होते. जुगारी आपल्या हातात नसलेल्या गोष्टीवर सारे काही लावतो. लक्ष्मणरावांनी प्रत्येक वेळी सोसवेल तेवढेच पणाला लावले. आधी सायकलींचे दुकान, मग कडब्याचे यंत्र, मग थोडे नांगर आणि शेवटी माळावरचा कारखाना, असा हा चढता क्रम आहे. पुढची पायरी चढताना मागची पायरी मोडलेली नसे. आणि जे हातात नव्हते, म्हणजे गिऱ्हाइकाचे मन, त्यासाठी त्यांनी दैवाऐवजी धीर आणि कारागिरी यांचा आश्रय घेतला.

तथापि या चरित्रातून केवळ व्यक्तीच्या गुणांचाच बोध घ्यावयाचा, तर तो अर्धाच ठरेल. बंधूचा आधार नसता, औंधची जमीन व बिनव्याजी कर्ज नसते, कोल्हापूरच्या तोफा नसत्या, तर बेळगावातून उठवलेला हा कारखाना पुन्हा उभा राहता ना. उद्योजकाच्या शिस्तीला समाजाच्या विश्वासाची जोड लागते. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार 16 लाख 48 हजार लोकसंख्येपैकी सुमारे 69 टक्के लोक आदिवासी आहेत. मिरची, कापूस, मोहफूल, आमचूर यांसारखा माल येथे पिकतो व गोळा होतो. त्यावर येथेच प्रक्रिया करू पाहणाऱ्या अक्कलकुव्याच्या किंवा तळोद्याच्या तरुणाकडे तारण ठेवण्यासारखे काय असणार? बाळासाहेबांनी लक्ष्मणरावांकडून तारण म्हणून जे पाहिले, ते त्यांचे काम होते. आजच्या बँकांनी, सहकारी संस्थांनी आणि शासकीय योजनांनी ती नजर कमावल्याखेरीज तरुणांना धाडसाचा उपदेश करणे अन्यायाचे होईल.

नोकरी हवी असणे हा काही दोष नव्हे. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी शिकले आहे, त्या घराला महिन्याच्या पगाराची किंमत ठाऊक असते. 45 रुपयांची किंमत लक्ष्मणरावांनाही ठाऊक होती. त्यांनी मोडली ती एकच समजूत, की पगार मिळू लागला म्हणजे शिकणे संपले. शाळा सुटल्यावर कर्मशाळेत रेंगाळणाऱ्या त्या मास्तरासारखा एखादा शिक्षक, एखादा कारकून, एखादा विद्यार्थी नंदुरबारच्या पथारीवर उभा राहून मिरची अवकाळी पावसापासून वाचवण्याचे स्वस्त साधन घडवू लागला, दोन वर्षे ते कोणी घेतले नाही तरी सुधारत राहिला, आणि त्याच्या पाठीशी कोणी विश्वासाने उभे राहिले, तर लाल राशींकडे आणि आभाळाकडे आळीपाळीने पाहण्याचे या जिल्ह्याचे दिवस सरतील.