एलेन विल्किन्सन : कामगाराची कन्या ते शिक्षणमंत्री

मँचेस्टर हे इंग्लंडमधील कापडगिरण्यांचे शहर. तेथे ८ ऑक्टोबर १८९१ रोजी एका कामगाराच्या घरी एलेन विल्किन्सन यांचा जन्म झाला. वडील कापडगिरणीत राबलेले, पुढे विम्याचे एजंट झालेले. घरची परिस्थिती बेताची. तरीही मुलीचे शिक्षण थांबले नाही. अर्धा आठवडा शाळेत शिकवायचे व अर्धा आठवडा स्वतः शिकायचे, असे कष्ट करून एलेन यांनी १९१० साली विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळविली आणि १९१३ साली इतिहासाची पदवी घेतली. पुढे त्यांनी कामगार संघटनेच्या कामास वाहून घेतले.

१९२४ च्या निवडणुकीत त्या मजूर पक्षातर्फे मिडल्सबरो पूर्व मतदारसंघातून कॉमन्स सभेत गेल्या. त्या वेळी अवघ्या चार स्त्रिया निवडून आल्या. त्यांत मजूर पक्षाच्या त्या एकट्याच. पुरुषांना २१ व्या वर्षी मत आणि स्त्रियांना मात्र ३० व्या वर्षी, हा भेद त्यांना मान्य नव्हता. १९२८ च्या कायद्याने तो दूर झाला. त्या कायद्याचा त्यांनी सभागृहात जोरदार पुरस्कार केला.

१९३१ साली त्या पराभूत झाल्या, पण स्वस्थ बसल्या नाहीत. १९३२ मध्ये इंडिया लीगच्या शिष्टमंडळातून त्या भारतात आल्या व ब्रिटिश सरकारची दडपशाही त्यांनी प्रत्यक्ष पाहिली.

१९३५ साली जॅरो गावाने त्यांना पुन्हा सभागृहात पाठविले. या गावाची चूल ज्या जहाजकारखान्यावर पेटत असे, तो बंद पडला होता. ऑक्टोबर १९३६ मध्ये गावातील दोनशे बेकार लंडनकडे पायी निघाले. अंतर सुमारे तीनशे मैल. बाई त्यांच्याबरोबर बरीच वाट चालल्या. अकरा हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज त्यांनी ४ नोव्हेंबर रोजी कॉमन्स सभेत सादर केला. सरकारने मात्र दाद दिली नाही.

या अपयशाने त्या खचल्या नाहीत. गरीब लोक हप्त्याने वस्तू घेत आणि एखादा हप्ता चुकला की दुकानदार वस्तूही नेई व भरलेले पैसेही बुडत. बाईंनी स्वतः विधेयक मांडून १९३८ साली कायदा करून घेतला. एक तृतीयांश रक्कम भरल्यावर न्यायालयाच्या हुकुमाशिवाय वस्तू परत नेण्यास त्याने बंदी केली.

१९४५ साली त्या शिक्षणमंत्री झाल्या. १९४६ पासून शाळेतील मुलांना मोफत दूध मिळू लागले. सक्तीच्या शिक्षणाची मर्यादा १४ वरून १५ वर्षे करण्याचे आधीच ठरले होते. पैसा व इमारती यांची टंचाई असल्याने ते पुढे ढकलावे, असे जानेवारी १९४७ मध्ये काही सहकारी मंत्र्यांचे मत पडले. आजारी असतानाही त्या हटल्या नाहीत. ६ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले आणि १ एप्रिलपासून तो निर्णय अमलात आला.

मुलाला शाळेतून काढून कामाला लावण्याचा विचार आपल्याही काही घरांत होतो, कारण चार पैसे आजच हवे असतात. पालकांनी त्या वेळी मँचेस्टरच्या या कामगार बापाची आठवण ठेवावी. त्याने मुलीची शाळा सोडविली नाही, म्हणूनच देशातील लाखो मुलांना आणखी एक वर्ष शाळा मिळवून देणारी मंत्री त्या घरातून निघाली.