श्रीतुकोबारायांच्या घरची चूल

इंदापूर तालुक्यात नीरा आणि भीमा या दोन नद्या जेथे भेटतात ते श्रीक्षेत्र नरसिंहपूर. भक्त प्रल्हादाने वाळूची नृसिंहमूर्ती करून ती येथे पूजिली असे क्षेत्रमाहात्म्य आहे, आणि वैशाख शुद्ध चतुर्दशीला श्रीलक्ष्मी-नृसिंहाच्या जयंतीला दूरदूरची कुळे आपल्या कुलदैवताच्या दर्शनाला येथे येतात. प्रल्हादाची कथा आपणां सर्वांना ठाऊकच आहे. हिरण्यकश्यपूच्या घरी सोन्यानाण्याला तोटा नव्हता, पण बापानेच पोराच्या ताटात विष घालविले. ही कथा ऐकणाऱ्यांत एखादा असा बापही असतो की त्याचे सगळे उलटे असते. पोटात माया आहे, पण ताटात वाढायला काही नाही. वाण्याची उधारी थकलेली, पोराची फी राहिलेली. सरकारी अनुदानाचा हप्ता आला तर घरात दाणे येतात, आणि तो हप्ता घ्यायला रांगेत उभे राहताना ओळखीचा माणूस दिसला की मान खाली जाते. नवऱ्यामागे पोरं वाढवणाऱ्या बाईची तर याहून वाईट गत. अशा आईबापांपुढे कोणाचे चरित्र ठेवावे? आम्हांस तरी देहूचेच सुचते. श्रीतुकोबारायांचे चरित्र संत म्हणून आपण पुष्कळ वेळा ऐकतो. येथे ते एका घरकर्त्याचे, एका बापाचे म्हणून सांगावयाचे आहे.

महाराजांच्या जन्मशकाविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८, हा पुष्कळांनी मानिलेला. घराणे मोऱ्यांचे, आडनाव आंबिले. वडील बोल्होबा, आई कनकाई, थोरले बंधू सावजी, धाकटे कान्होबा. घर खाऊनपिऊन सुखी होते. शेती होती, वाणसवदा होता, थोडी सावकारी होती आणि देहूच्या पेठेची महाजनकी होती. घरात पूर्वज विश्वंभरबाबांपासून पंढरीची वारी आणि विठ्ठलाची पूजा चालत आलेली. सावजींचे मन प्रपंचात रमेना, म्हणून तेराव्या वर्षीच दुकानाचा आणि वहीखात्याचा भार तुकोबांवर आला. पहिली पत्नी रखमाबाई. तिला दम्याचा विकार, म्हणून दुसरे लग्न पुण्याचे सावकार आप्पाजी गुळवे यांच्या कन्येशी झाले. तीच जिजाई, जिला सगळे आवली म्हणत.

सतराव्या वर्षी आईबाप गेले. पुढच्या वर्षी सावजींची पत्नी वारली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेले ते परत आलेच नाहीत. आता घरात मोठे माणूस असे तुकोबाच. दोन बायका, लहानगा संतू, धाकटा भाऊ, गुरेढोरे, गड्यामाणसांचा खर्च. अशात धंदा बसत चालला. सोयऱ्याधायऱ्यांनी एकदोन वेळा हात दिला, पण बुडते दुकान तेवढ्याने वर येत नाही. एकविशीच्या सुमारास दिवाळे निघाले. पेठेच्या महाजनाचे दिवाळे म्हणजे केवढी नाचक्की, हे ज्याने गावात दुकान मांडले आहे त्यालाच कळेल! काल ज्याला मान द्यायचा त्याच्याकडे आज लोक पाठ फिरवतात.

त्यावर शके १५५१-५२ चा, म्हणजे इ. स. १६२९ ते १६३१ चा भयंकर दुष्काळ आला. (पुष्कळ लोक यालाच दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणतात, तो निराळा, दोन-सव्वादोन शतके आधीचा.) हा दुष्काळ गुजरातेपासून दख्खनपर्यंत पसरला होता. पाऊस नाही, धान्य मिळेना, गुरे मेली, गावे ओस पडली. त्याच सुमारास विजापूरकरांचा सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले, म्हणजे जे दुष्काळातून उरले तेही राहिले नाही. रखमाबाई या दुष्काळात अन्नावाचून गेली. पाठोपाठ संतूही गेला.

वारकरी मंडळी, येथे थोडे थांबले पाहिजे. कीर्तनात हा भाग लवकर उरकतो, कारण पुढे भंडारा डोंगर, साक्षात्कार, अभंग असे गोड प्रसंग वाट पाहत असतात. पण ज्याच्या डोळ्यांदेखत घरातले माणूस भुकेने गेले, त्या माणसाची ती रात्र कशी गेली असेल! दुकान आपले, वही आपली, लोकांना धान्य मापून देणारे हात आपले, आणि आपल्याच घरात दाणा नाही. दुष्काळ काही त्यांनी आणला नव्हता. तरीही बापाच्या मनाला असा हिशेब पटत नाही. मी अमुक वेळी उधारी वसूल केली असती तर, मी धान्य विकले नसते तर, मी सासऱ्यांकडे आधी गेलो असतो तर, असे मन स्वतःलाच खात राहते.

महाराजांनी हे दुःख झाकले नाही, आणि आमच्या मते त्यांच्या चरित्रातील ही सर्वांत धाडसाची गोष्ट आहे. दिवाळे निघाले, मान गेला, पत्नी अन्नावाचून मेली, धंदा तुटीत गेलेला पाहून लाज वाटली, हे सारे त्यांनी आपल्या अभंगांत स्वतःच सांगून ठेवले आहे. कोणी शत्रूने लिहिलेले ते नव्हे. संत झाल्यावर मागचे लपविता आले असते. त्यांनी ते अवघ्या महाराष्ट्रापुढे मांडले, आणि आज तेच अभंग दिंडीत टाळमृदुंगावर म्हटले जातात. मनात कोंडून ठेवलेली लाज माणसाला आतून पोखरते. बोलून टाकलेली तेवढी पोखरत नाही.

मग भंडारा डोंगर, भामचंद्र आणि घोराडेश्वर येथील एकांत आला. घराण्याचे विठ्ठलमंदिर मोडकळीस आले होते, ते त्यांनी आपल्या हातांनी नीट केले. आणि कर्जखतांचा प्रसंग याच काळातला. वडिलांच्या वेळेपासूनची खते घरात होती, कुळांकडे येणे होते. कान्होबांचे म्हणणे पडले की दादा, तुम्ही विरक्त, पण मला माझा प्रपंच आहे. महाराजांनी त्यांचे म्हणणे मानले. अर्धी खते कान्होबांच्या हवाली केली आणि आपल्या वाट्याची अर्धी इंद्रायणीच्या डोहात सोडली. हा अर्ध्याअर्ध्याचा तपशील आम्हांला फार मोलाचा वाटतो. भावाच्या पोरांचा घास त्यांनी आपल्या वैराग्यासाठी पाण्यात टाकला नाही. आणि आपल्या वाट्याची खते ज्यांच्या नावांची होती ती माणसे तरी कोण? त्याच दुष्काळातून वाचलेली. त्यांच्याही घरी एखादा संतू गेलेला असेल. स्वतःच्या घरी मृत्यू पाहिलेल्या सावकाराला त्या दारी वसुलीला जाववेना, एवढाच त्याचा साधा अर्थ आहे. देहूची इंद्रायणी तुळापुरास भीमेला मिळते आणि भीमा नरसिंहपुरावरून पंढरीला जाते. मध्ये आता उजनीचे धरण आहे, पण नदी तीच.

परंतु खते बुडाली म्हणून घरची काळजी बुडाली नाही. जिजाईला पोरे झाली: काशी, भागीरथी, गंगा या मुली आणि महादेव, विठोबा हे मुलगे. त्यांच्या पोटाला रोज लागत होते. आवली फार तापट होती, कजाग होती असे आपण हसत हसत सांगतो. लहान तोंडी मोठा घास घेऊन म्हणावेसे वाटते की हे हसणे आता पुरे. सावकाराची लेक, माहेरी सुखात वाढलेली, ती येथे रोज उसनेपासने करून चूल पेटवीत होती. ती बोलायची ती पोरांच्या भुकेपायी. आणि एवढे बोलूनही भाकरी बांधून दीड-दोन कोस चालत भंडाऱ्यावर जायची, नवरा जेवल्याशिवाय स्वतः जेवायची नाही. वाटेत तिच्या पायात काटा मोडला आणि तो पांडुरंगाने काढला अशी कथा आहे. देव तुकोबांसाठी पुष्कळदा धावला. पण त्या काट्यासाठी तो आवलीकडे धावला, हे विसरू नये.

ताहराबादकर महिपतीबुवांनी अठराव्या शतकात संतचरित्रे लिहिली, त्यांत एक कथा आहे. जिजाईने आपल्या नावावर दोनशे रुपये कर्ज काढले आणि महाराजांना मिठाच्या व्यापाराला पाठविले. माल विकला, दोनशेचे अडीचशे झाले. येताना वाटेत कर्जापायी गांजलेला एक ब्राह्मण भेटला. त्याची सुटका करण्यात सगळे पैसे गेले आणि महाराज रिकाम्या हातांनी घरी आले. ही कथा ऐकताना आपण धन्य धन्य म्हणतो. पण कर्ज जिजाईच्या नावावर होते! तगादा तिच्या दारी येणार होता. ती संतापली यात तिचे काय चुकले? दुसऱ्याचे दुःख पाहवत नाही असा नवरा आणि घरातले दुःख जिला पाहावेच लागते अशी बायको, या दोघांचा तो संसार होता. दोघांपैकी एकाला वाईट ठरविण्याची गरज नाही. कथाकारांनी तिचा राग तेवढा रंगविला आणि तिचे दोनशे रुपये विसरून गेले.

घर मग चालले कसे? काही माहेरच्या आधाराने, काही शेतातल्या दाण्यांवर, काही गावाच्या आपलेपणावर. मुलींच्या लग्नांची गोष्ट यासाठीच सांगण्यासारखी आहे. जिजाईला घोर लागला होता की पोरी उजवायच्या कशा. महाराज एके दिवशी उठले, रस्त्यात खेळणारी आपल्या जातीची मुले पाहिली, त्यांना घरी आणून हळद लावली आणि गाडे, जांभूळकर अशा घरांत मुली दिल्या. त्या मुलांच्या आईबापांनीही ते आनंदाने मान्य केले असे परंपरा सांगते. देणे नाही, घेणे नाही, मानपान नाही. आज लग्नापायी जमीन गहाण टाकणारा बाप आपल्या तालुक्यात नाही असे कोण म्हणेल?

घेण्यात कमीपणा किती मानावा, हाही प्रश्न आहे. १९७२ च्या दुष्काळात पुणे, सोलापूर, नगर या जिल्ह्यांतले कितीतरी बागाईतदार खडी फोडायला सरकारी कामावर गेले. सुकडी खाल्ली, रेशनची मिलो आणली. पाटलीण आणि मजूरबाई एका ओळीत पाट्या उचलीत होत्या. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदाच झाला, आणि १९८० पासून निराधारांसाठी अनुदानाची योजना आली. ज्या आईबापांनी त्या वेळी पाटी उचलली त्यांची पोरे शिकली, नोकरीला लागली. त्यांतला कोणी आज आईने सुकडी आणली म्हणून आईला कमी लेखतो काय? आणि वारीत तर आपण सगळेच घेणारे. इंदापूर तालुक्यातून पालखी जाताना गावोगाव पंगती बसतात. पानावर भाकरी-पिठले पडते तेव्हा शेजारचा जमीनदार की शेतमजूर हे कोणी विचारीत नाही, आणि भिशी कोणी भरली नि कोणी नाही हे वाढपी पाहत नाही. पंगतीत मान ताठ ठेवून जेवणारा माणूस हप्त्याच्या रांगेत मान का खाली घालतो?

येथे कोणी म्हणेल की महाराजांनी स्वतः तर घेतले नाही. श्रीशिवछत्रपतींनी पाठविलेला नजराणा त्यांनी परत केला अशी कथा आहे. खरे आहे. पण त्या परत करण्यात रागरुसवा नव्हता, आणि दुसऱ्याने घेऊ नये असा दंडकही नव्हता. जे मनाला बांधील ते नको, एवढेच. जिजाईने माहेरचा दाणा घेतला त्याला त्यांनी कधी आडकाठी केल्याचे कोठे ऐकिवात नाही. आणि त्या दिवशी नजराणा परत जाताना जिजाईच्या मनात काय आले असेल, ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

रामेश्वर भट्ट, अभंगांच्या वह्या इंद्रायणीत, तेरा दिवसांनी त्या वर येणे, हे सारे सर्वांना मुखोद्गत आहे. येथे विस्तार करीत नाही. शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे इ. स. १६५० मध्ये, महाराजांचे प्रयाण झाले. त्या वेळी जिजाई गरोदर होती. घरात पोरे, हाताशी पैसा नाही, आणि पोटात एक जीव. तो जीव पुढे जन्माला आला, तेच नारायणबाबा. बापाचे तोंड न पाहिलेल्या या पोराला जिजाईने वाढविले. कशावर वाढविले, कोणाकडून उसने आणले, कोणाच्या दारी उभी राहिली, याचा जमाखर्च कोठे नाही. त्याच नारायणबाबांनी इ. स. १६८५ मध्ये तुकोबारायांच्या पादुका पालखीत ठेवून देहूहून पंढरीला सोहळा सुरू केला. देवस्थानाला छत्रपतींच्या घराण्याकडून इनामेही मिळाली आणि ती त्यांनी घेतली, कारण त्यांतून देवाची पूजा आणि वारकऱ्यांचे अन्नदान चालायचे होते.

तीच पालखी दरवर्षी आषाढीला बारामती, निमगाव केतकी, इंदापूर करीत सराटीला येते. तेथे पादुकांना नीरेचे स्नान घालतात आणि सोहळा अकलूजच्या वाटेला लागतो. नीरा तेथून पुढे नरसिंहपूरच्या संगमाला जाते.