नामदार गोपाळ कृष्ण गोखले व सरकारी जमाखर्च

रत्नागिरी जिल्ह्यांत कोतळूक म्हणून एक लहानसें गांव आहे. तेथें ता. ९ मे १८६६ रोजीं गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म झाला. त्यांचे वडील कृष्णराव हे कोल्हापुरानजीक कागल येथें नोकरीस होते. गोपाळराव तेरा वर्षांचे असतां वडील वारले आणि घरचा सर्व भार थोरले बंधु गोविंदराव यांजवर पडला. त्यांनीं आपलें शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरिली, आणि त्यांतून दरमहा आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठीं पाठवूं लागले. उरलेल्या सात रुपयांत घर चाले. पुढें ज्या पुरुषानें साऱ्या हिंदुस्थानच्या जमाखर्चाची झडती घेतली, त्याला रुपयाची किंमत कोणीं शिकविली हें वाचकांनीं यावरून ओळखावें.

१८८४ सालीं गोपाळराव बी. ए. झाले व लवकरच पुण्यास न्यू इंग्लिश स्कुलांत आणि मग फर्गसन कॉलेजांत शिकवूं लागले. वेतन दरमहा पाऊणशें रुपये. त्यांनीं लिहिलेलें अंकगणिताचें पुस्तक पुष्कळ शाळांतून चालत असे. तथापि त्यांचें खरें शिक्षण न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या हाताखालीं झालें. रानडे त्यांजकडून सरकारास पाठवावयाचे अर्ज लिहवून घेत, आणि एकेका अर्जासाठीं अहवालांचे गठ्ठेच्या गठ्ठे वाचावे लागत. एखादा आंकडा चुकीचा पडला तर गुरुजी कागद परत करीत. हा अभ्यास रानड्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९०१ सालापर्यंत चालला. दुसरे साह्यकर्ते गणेश व्यंकटेश जोशी हे शाळामास्तर होते. त्यांचें नांव आज फारसें कोणी घेत नाहीं, परंतु सरकारी आंकड्यांचा त्यांच्याएवढा जाणता त्या काळीं या देशांत क्वचितच होता, आणि गोखले त्यांचा सल्ला वारंवार घेत.

१८९७ सालीं हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनापुढें साक्ष देण्यास गोखले विलायतेस गेले. वय अवघें तीस वर्षांचें. कमिशनाच्या सभासदांनीं उलटसुलट प्रश्न विचारिले, परंतु ते डगमगले नाहींत. त्याच वेळीं पुण्यांत प्लेगचा कहर चालला होता. प्लेगच्या बंदोबस्तास लाविलेल्या गोऱ्या शिपायांनीं लोकांवर, विशेषतः स्त्रियांवर, जुलूम केल्याचीं पत्रें त्यांस गेलीं. तीं खरीं मानून त्यांनीं तो आरोप तेथें जाहीर केला. परत आल्यावर पुरावा मागण्यांत आला, तेव्हां पत्रें लिहिणारे कोणी पुढें येईनात. त्यांचीं नांवें सांगितलीं असतीं तर गोखल्यांची मान सुटली असती, पण मित्रांवर संकट आलें असतें. त्यांनीं नांवें सांगितलीं नाहींत, आणि आरोप शाबीत होत नाहीं म्हणून बिनशर्त माफी छापून दिली. आपल्याच लोकांनीं त्यांस भित्रा म्हटलें. ही लाज त्यांस पुष्कळ वर्षें सलत होती. आमच्या मतें मात्र त्या माफीनें त्यांचें नुकसान झालें नाहीं. ज्याची शहानिशा झालेली नाहीं असा शब्द पुन्हां तोंडावाटे काढावयाचा नाहीं, हें वळण त्यांच्या पुढील साऱ्या भाषणांत दिसतें.

१८९९ सालीं ते मुंबईच्या कायदेकौन्सिलांत निवडून आले, आणि १९०१ अखेर सर फेरोजशहा मेहता यांच्या जागीं व्हाइसरॉयांच्या कौन्सिलांत गेले. हें कौन्सिल त्या काळीं कलकत्त्यास भरे. वाचकांनीं तें आजच्या लोकसभेसारखें समजूं नये. सरकारी सभासदांचें तेथें मताधिक्य असे. १८९२ च्या कायद्यानें सभासदांस अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा होती. पण त्यांतील एक रुपया कमी करावा अशी सूचना आणण्याची किंवा मत देण्याची नव्हती. पत्रक आधींच कायम झालेलें असे. म्हणजे पंचांनीं निकाल लिहून ठेवावा आणि मग फिर्यादीस बोलण्यास सांगावें, तसा हा प्रकार. सरकारी हिशेब तपासणारी कमिटी तर १९२१ पर्यंत नव्हतीच.

अशा ठिकाणीं ता. २६ मार्च १९०२ रोजीं गोखले प्रथम अंदाजपत्रकावर बोलावयास उभे राहिले. लॉर्ड कर्झन अध्यक्षस्थानीं होते. त्या वर्षीं सरकारी तिजोरींत सुमारें सात कोटि रुपये शिल्लक उरले होते आणि जो तो खजिनदार साहेबांचें अभिनंदन करीत होता. या अभिनंदनांत आपणांस मनःपूर्वक सामील होतां येत नाहीं, असें गोखल्यांनीं आरंभींच सांगितलें.

कां बरें? शिल्लक म्हणजे तर चांगली गोष्ट! परंतु ज्यांनीं मंडळीचा फंड सांभाळला आहे त्यांस हें कळेल. दुष्काळांत घरोघरीं चूल पेटण्याची मारामार असतां जर वर्गणी पूर्वीच्याच दरानें वसूल केली आणि पेटींत पैसा सांचला, तर ती काटकसर नव्हे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन घोर दुष्काळ नुकतेच होऊन गेले होते. मग पैसा उरला कोठून? गोखल्यांनीं तें उलगडून दाखविलें. पूर्वीं रुपयाचा भाव पौंडाच्या मानानें घसरत होता; विलायतेस दरसाल पाठवावयाच्या रकमेस जास्त रुपये लागत, म्हणून कर चढविले गेले. १८८८ सालीं मिठावरील कर मणास दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. पुढें टांकसाळी लोकांस बंद करून रुपयाचा भाव सोळा पेन्सांवर नेण्यांत आला. तूट भरण्यासाठीं बसविलेले कर मात्र तूट गेल्यावरही जसेच्या तसे राहिले. शिल्लक ती हीच. ती रयतेच्या खिशांतली होती.

मणास अडीच रुपये हा आंकडा लहान वाटतो. अडीच रुपयांचे चाळीस आणे आणि मणाचे चाळीस शेर, म्हणजे शेरभर मिठास एक आणा निव्वळ कर. श्रीमंतास त्याची खबरही नव्हती. पण मीठ श्रीमंत व गरीब सारखेंच खातात, किंबहुना ज्याच्या भाकरीबरोबर दुसरें कोरड्यास नाहीं त्याला तें अधिक लागतें. कर वाढल्यापासून मिठाचा खप हवा तसा वाढत नाहीं, हें गोखल्यांनीं सरकारच्याच पुस्तकांतून काढून दाखविलें. पैसा हवाच असेल तर तो फौजेच्या वाढत्या खर्चांतून वांचवावा, आणि शिल्लक शाळा, आरोग्य व कालवे यांकडे लावावी, असा त्यांचा आग्रह होता.

त्यांचा आवाज मोठा नव्हता आणि हातवारे ते करीत नसत. टाळ्यांसाठीं एक वाक्य नाहीं, कोणाच्या हेतूवर शिंतोडा नाहीं. म्हणूनच उत्तर देणें कठीण जाई. मत देण्याचा अधिकार नसतांही परिणाम झाला: १९०३ सालीं मिठाचा कर मणास दोन रुपये झाला, १९०५ सालीं दीड, आणि १९०७ सालीं एक रुपया, म्हणजे शेरास पांच पईंहूनही कमी. १९०३ सालींच प्राप्तीवरील कराची मर्यादा पांचशें रुपयांवरून हजारावर गेली. हें सर्व एकट्या गोखल्यांनीं केलें असें आम्ही म्हणत नाहीं. पुष्कळ वर्षें पुष्कळांनीं मागणी केली होती. पण तिला आंकड्यांचा आधार देऊन दरसाल दारीं उभा राहणारा माणूस हाच होता.

१९०९ च्या सुधारणांनंतर ठराव आणण्याचा अधिकार मिळाला. फेब्रुवारी १९१० मध्यें त्यांनीं नाताळ वसाहतीस करारबंद मजूर पाठविण्याची चाल बंद करण्याचा ठराव आणिला आणि सरकारनें तो मान्य केला. पुढल्याच वर्षीं ती भरती थांबली.

सर्वांत मोठा पराभव शिक्षणाच्या बाबतींत झाला. ता. १६ मार्च १९११ रोजीं त्यांनीं प्राथमिक शिक्षणाचें बिल आणिलें. तें फार सौम्य होतें. ज्या म्युनिसिपालिटीची किंवा लोकलबोर्डाची इच्छा असेल तिनें सरकारच्या परवानगीनें सहा ते दहा वर्षांच्या मुलांस शाळेंत येणें सक्तीचें करावें. खर्चाचे दोन वांटे सरकारनें व एक वांटा त्या संस्थेनें सोसावा. आणि ज्याची मिळकत महिन्यास दहा रुपयांहून कमी त्याजकडून फी घेऊं नये. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १९०६ सालीं सक्तीचें शिक्षण राज्यभर सुरू केलेंच होतें. तरीही सरकारास खर्च जड वाटला. जमीनदारांस मजुरांचीं मुलें शाळेंत जाणें रुचलें नाहीं. मार्च १९१२ मध्यें दोन दिवस वाद चालला, आणि बिलाच्या बाजूनें तेरा व विरुद्ध अडतीस मतें पडलीं. निकाल काय लागणार हें गोखल्यांस बोलावयास उठण्यापूर्वींच ठाऊक होतें. तरी त्यांनीं एकेका आक्षेपास आंकड्यांनीं सविस्तर उत्तर दिलें.

तोंपर्यंत मधुमेहानें त्यांचें शरीर पोखरलें होतें. ता. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. पन्नाशीही पुरी झाली नव्हती. तीन वर्षांनीं, १९१८ सालीं, मुंबई इलाख्यांतील म्युनिसिपालिट्यांस मुलांचें शिक्षण सक्तीचें करण्याची मोकळीक देणारा कायदा विठ्ठलभाई पटेल यांनीं मंजूर करून घेतला. मिठावरील कर १९४७ सालीं उठला.