आचार्य धर्मानंद कोसंबी : नारळाच्या आगरातून हार्वर्डपर्यंत

आपल्या विहाराच्या स्मरणिकेत दरवर्षी कुणा ना कुणा थोर पुरुषाचे चरित्र येते. बाबासाहेब, जोतिबा, सम्राट अशोक यांच्यावर आपण पुष्कळ वाचले आहे. या वेळी आम्ही आचार्य धर्मानंद कोसंबी यांच्याविषयी लिहायचे ठरवले. नाव पुष्कळांनी ऐकलेले असते, 'भगवान बुद्ध' हे पुस्तकही आपल्या कपाटात आहे. पण पुस्तक लिहिणारा माणूस कुठून आला, कुठे कुठे शिकला, हे विचारले की सगळे गप्प. आमचेही बरेच दिवस तसेच होते. पाळी सुटल्यावर रात्री ते पुस्तक वाचत बसायचो, तेव्हा कुठे या माणसाची ओढ लागली.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ गावी झाला. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य. शाळा म्हणावी तशी नव्हतीच. मुलगा नारळाच्या आगराची देखभाल करायचा आणि हाती लागेल ते मराठी पुस्तक वाचायचा. चौदा-पंधराव्या वर्षी लग्न झाले. १८९७ साली 'बालबोधमेवा' नावाच्या मुलांच्या मासिकात त्यांनी भगवान बुद्धांवरचा एक लेख वाचला. बघा, एवढेसे मासिक, तेही ख्रिस्ती मिशनवाल्यांनी चालवलेले, आणि त्यातल्या चार पानांनी एका माणसाचे सबंध आयुष्य फिरवले! म्हणून आम्ही पोरांना सांगतो, रद्दीत टाकण्याआधी कागद एकदा वाचून पाहा.

बुद्धाचा धर्म शिकायचा तर आधी संस्कृत यायला हवे, असे त्यांच्या मनाने घेतले. वडील वारल्यावर १८९९ च्या अखेरीस ते घर सोडून पुण्याला गेले. डॉ. रामकृष्ण भांडारकरांनी त्यांना आधार दिला. तिथून ग्वाल्हेर, तिथून काशी. काशीत अन्नछत्रात जेवायचे आणि शास्त्र्यांकडे व्याकरण घोकायचे असे दिवस काढले. आता इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. कोसंबी सारस्वत ब्राह्मण होते, म्हणून काशीचे अन्नछत्र आणि काशीची पाठशाळा त्यांना उघडी होती. त्या काळी आपल्या आज्या-पणज्यांपैकी कोणी तिथे गेला असता तर उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवू दिले नसते. यात त्यांचा दोष नाही. पण चरित्र लिहायचे तर हेही लिहावे.

आणखी एक. घरी बाळाबाई आणि तान्ही माणिक होती. नवरा विद्येच्या मागे देशोदेशी फिरत होता आणि बायको वर्षानुवर्षे वाट पाहत होती. धर्मानंदांच्या कष्टांबद्दल सगळेच लिहितात, बाळाबाईंच्या कष्टांबद्दल फार थोडे.

१९०२ साली ते नेपाळला गेले, कारण बुद्धाचा धर्म तिथे जिवंत आहे असे ऐकले होते. तिथले पाहून मन खट्टू झाले. मग बुद्धगया, आणि तिथून कलकत्त्याच्या महाबोधी सभेमार्फत सिंहलद्वीप, म्हणजे आजची श्रीलंका. कोलंबोला विद्योदय परिवेण ही भिक्षूंची मोठी विद्यापीठासारखी संस्था होती. १८७३ साली हिक्कडुवे सुमंगल महाथेरांनी ती स्थापन केली होती. या महाथेरांच्या हाताखाली गोव्याचा हा तरुण श्रामणेर झाला आणि पाली शिकला. परका देश, परकी भाषा, तिथले जेवण मानवेना, तरी माणूस हटला नाही. पुढे ते ब्रह्मदेशातही गेले, तिथे ध्यानाचा अभ्यास केला. ज्या देशात बुद्ध जन्मले आणि हिंडले, त्या देशाच्या माणसाला बुद्धांची वाणी शिकायला समुद्र ओलांडावा लागला! आपल्याकडून धम्म तिकडे गेला तो अशोकाच्या काळी महेंद्र आणि संघमित्रा यांच्याबरोबर. तिकडच्या लोकांनी तो दोन हजारांवर वर्षे नीट सांभाळला आणि मागायला आलेल्या पोराला परत दिला.

१९०६ साली ते कलकत्त्याला आले. चीवर उतरवून संसारी झाले आणि तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयात व कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवू लागले. सर आशुतोष मुखर्जींचा त्यांच्यावर लोभ होता, तिथेच राहते तर आयुष्य सुखात गेले असते. पण मराठी मुलखात पाली कोणी जाणत नाही ही बोच होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महाराष्ट्रात राहून काम केल्यास दरमहा पन्नास रुपये देऊ केले. कलकत्त्याचा मोठा पगार सोडून धर्मानंदांनी हे पन्नास रुपये पत्करले. सयाजीराव महाराजांचे नाव निघाले की आपली मान आपोआप लवते, कारण १९१३ साली बाबासाहेबांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात धाडणारे तेच. एकाच राजाच्या पैशातून एक माणूस पालीसाठी उभा राहिला आणि दुसरा आपल्या साऱ्यांसाठी.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स हिंदुस्थानात आले होते. त्यांची आणि धर्मानंदांची ओळख झाली आणि १९१० साली हार्वर्डचे बोलावणे आले. काम काय होते ते नीट समजून घेऊ. बुद्धघोष आचार्यांनी पाचव्या शतकात सिंहलद्वीपात 'विसुद्धिमग्ग' हा मोठा ग्रंथ रचला. शील, समाधी आणि प्रज्ञा अशी त्याची मांडणी आहे. हेन्री वॉरन नावाच्या अमेरिकन पंडिताने बर्मी आणि सिंहली लिपीतली हस्तलिखिते जुळवून तो छापण्याचे काम हाती घेतले होते, पण १८९९ साली ते वारले आणि काम अर्धवट राहिले. ते पुरे करायला दोन्ही लिप्या वाचणारा आणि पाली मुरलेला माणूस पाहिजे होता. कोलंबोत आणि ब्रह्मदेशात काढलेले दिवस इथे उपयोगी आले. म्हणजे बघा, ग्रंथ श्रीलंकेचा, हस्तलिखिते ब्रह्मदेशाची, पैसा अमेरिकेचा आणि मेहनत साखवाळच्या माणसाची.

पण तिथे प्राध्यापक लॅनमन यांच्याशी बिनसले. ग्रंथावर कोणाचे नाव कसे यावे, हा वाद. १९१२ साली धर्मानंद काम तसेच ठेवून परत आले. पुष्कळ विद्वान याला मानीपणा म्हणतील. आम्ही साच्यावर उभे राहिलेली माणसे आहोत. कापड विणतो एक आणि त्यावर छाप पडतो दुसऱ्याचा, हे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको. आमच्या मते त्यांनी बरोबर केले.

परत आल्यावर सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. राजवाडे, भागवत, बापट असे शिष्य तयार झाले. त्यांच्यापैकी पु. वि. बापट पुढे स्वतः हार्वर्डला जाऊन डॉक्टर झाले आणि बुद्धांच्या २५०० व्या जयंतीच्या निमित्ताने १९५६ साली निघालेल्या सरकारी ग्रंथाचे संपादक झाले.

१९१८ साली हार्वर्डने पुन्हा बोलावले. या खेपेला त्यांनी मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा मुलगा दामोदर यांना बरोबर नेले. त्या काळात मुलीला अमेरिकेत शिकायला नेणे म्हणजे काय, याचा विचार करा. माणिकताई तिथल्या रॅडक्लिफ कॉलेजात शिकल्या. दामोदर पुढे हार्वर्डचे पदवीधर झाले, ते मोठे गणिती आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी. धर्मानंद आणखी दोनदा तिकडे गेले. समाजवादाची गोडीही त्यांना अमेरिकेतच लागली होती. मजूर हा त्यांच्या नजरेतून कधी सुटला नाही. १९२९ साली रशियातल्या लेनिनग्राडच्या पंडितांनी बौद्धविद्येच्या कामासाठी बोलावले तेव्हा तिथेही गेले, पण थंडी सोसेना म्हणून लवकर परतले. आणि आले ते थेट १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात. हार्वर्डला शिकवलेला माणूस ठाण्याच्या तुरुंगात जाऊन बसला.

यानंतरची गोष्ट आपल्या घराजवळची आहे. १९३७ साली त्यांनी मुंबईत परळला बहुजन विहार काढला. जागा मुद्दाम गिरणगावातली निवडली, भोवती गिरणी कामगार आणि आपले लोक. बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा करून तेव्हा दीड वर्षही झाले नव्हते. विहाराला पैसा जुगलकिशोर बिर्लांचा होता, त्यामुळे आपल्यातल्या काही जणांच्या मनात किंतु राहतो. तो राहू द्यावा. पण भोंग्यावर उठणाऱ्या माणसाच्या दारात बुद्ध आणून ठेवायचा विचार त्यांनी केला, हेही विसरू नये.

'भगवान बुद्ध' हे पुस्तक त्यानंतरचे, १९४०-४१ चे. म्हातारा, आजारी आणि मेलेला माणूस पाहून सिद्धार्थ घर सोडून गेला ही गोष्ट त्यांनी त्यात जशीच्या तशी मानली नाही. जुने पाली ग्रंथ धुंडाळून शाक्य आणि कोलीय यांच्यातले रोहिणी नदीच्या पाण्याचे भांडण त्यांनी पुढे आणले. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हेच रोहिणीचे पाणी आपण दर वर्षावासात वाचतो. आम्ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली आहेत. वाचकांनी एकदा तसे करून पाहावे, पुस्तके विहारात आहेत.

शेवटी शरीर थकले. आता आपल्याकडून काही काम होणार नाही असे वाटून त्यांनी अन्न सोडले आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामच्या आश्रमात देह ठेवला. त्यांच्या स्मरणार्थ पालीच्या अभ्यासासाठी विद्यार्थ्यांना श्रीलंकेत पाठवावे, असा विचार गांधीजींनी पुढे केला होता.

'विसुद्धिमग्गा'ची नागरी आवृत्ती त्यांनी जिवंतपणी, १९४० साली मुंबईत छापून घेतली होती. हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५० मध्ये, म्हणजे पहिल्या बोलावण्यानंतर चाळीस वर्षांनी. तोवर वाद घालणारे लॅनमनही गेले होते. त्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर वॉरन यांच्या नावाखाली धर्मानंद कोसंबी हे नाव छापलेले आहे.