बी. एफ. स्किनर : आधी मांडणी तपासा, मग मूल



बी.एड.ला आपण सगळ्यांनीच स्किनर वाचलेत. उंदीर, पेटी, कळ, साधक अभिसंधान, एवढं लिहिलं की गुण मिळायचे. परीक्षा संपली की स्किनरही संपले! पण खरं सांगायचं तर ते आपल्याला वर्गात आणि घरात रोज लागतात. म्हणून आज त्यांची नव्याने ओळख करून घेऊ.

बरस फ्रेडरिक स्किनर यांचा जन्म २० मार्च १९०४ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, सस्क्वेहाना या छोट्या गावी झाला. वडील वकील होते. मुलाला लहानपणापासून काहीबाही जुळवून यंत्रं बनवण्याचा नाद. १९२६ साली इंग्रजी साहित्यात पदवी घेतली आणि लेखक व्हायचं ठरवलं. वर्षभर घरी बसून प्रयत्न केला, पण जमलं नाही. त्याच काळात पॅव्हलॉव्ह आणि वॉटसन त्यांच्या वाचनात आले. १९२८ मध्ये ते मानसशास्त्र शिकायला हार्वर्डला गेले आणि १९३१ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

तिथेच त्यांनी ती प्रसिद्ध पेटी बनवली. पेटीतला उंदीर हिंडता हिंडता कळ दाबतो, अन्नाची गोळी पडते. मग तो कळ वारंवार दाबू लागतो. वर्तनानंतर जे घडतं त्यामुळे ते वर्तन वाढलं, तर ते प्रबलन. काही हवंसं मिळून वाढलं तर धन प्रबलन. काही नकोसं टळून वाढलं तर ऋण प्रबलन. आणि परिणामामुळे वर्तन कमी झालं, तर ती शिक्षा. म्हणजे ऋण प्रबलन ही शिक्षा नव्हे. इथे आपण हमखास चुकतो.

एकदा गोळ्या टाकणारं यंत्रच अडकलं. उंदराने आधी कळ भराभर दाबली, मग हळूहळू सोडून दिली. हे झालं विलोपन. आणखी एका शनिवारी गोळ्या संपत आल्या. त्या हाताने बनवाव्या लागत, म्हणून पुरवून वापरायला त्यांनी मिनिटाला एकच द्यायचं ठरवलं. तरी उंदीर कळ दाबतच राहिला! पुढच्या प्रयोगांतून दिसलं, की अधूनमधून प्रबलन मिळालेलं वर्तन सर्वांत चिवट असतं. बाजारात हट्ट करणाऱ्या मुलाला नऊ वेळा नाही म्हणून दहाव्या वेळी खेळणं घेऊन देतो ना आपण? तेव्हा आपण हट्ट मोडत नसतो, पक्का करत असतो.

१९५३ साली स्किनर आपल्या धाकट्या मुलीच्या चौथीच्या वर्गात गणिताचा तास पाहायला बसले. काही मुलांचं झालेलं, ती कंटाळलेली. काहींना गाडी कुठे अडली तेच कळेना. उत्तर बरोबर की चूक, हे कोणालाच लगेच समजत नव्हतं. दोष बाईंचा नव्हता, मांडणीचा होता. यातूनच त्यांनी अध्यापन यंत्र बनवलं: छोटी पायरी, लगेच पडताळा, ज्याची त्याची गती. क्रमान्वित अध्ययन ते हेच. यंत्रं शाळांत त्यांच्या अपेक्षेइतकी रुजली नाहीत, पण तत्त्व टिकलं.

त्यांच्यावर टीकाही झाली. भाषा केवळ प्रबलनाने येत नाही, असा आक्षेप चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये घेतला. तो आजही महत्त्वाचा मानला जातो.

शिक्षेला स्किनर यांचा विरोध होता. शिक्षेने वर्तन तेवढ्यापुरतं दबतं आणि मूल शिक्षा चुकवायला शिकतं. मग आपण ओरडणं सोडत का नाही? उत्तर त्यांच्याच व्याख्येत आहे. ओरडलो की गोंगाट क्षणात थांबतो. नकोसं टळलं, म्हणून आपलं ओरडणं वाढतं. पेटीतला उंदीर इथे आपणच!

१० ऑगस्ट १९९० रोजी, रक्ताचा कर्करोग झालेला असताना, त्यांनी बोस्टनमध्ये शेवटचं व्याख्यान दिलं. आठच दिवसांनी, १८ ऑगस्टला, ते गेले.

उद्या एखाद्या वहीवर लक्ष नाही असा शेरा लिहिण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारून बघा. पायरी फार मोठी होती का? बरोबर आल्याचं त्याला लगेच कळलं का? आणि न केल्याने त्याचं काय टळलं? उत्तरं मिळाली की शेरा बहुधा बदलेल.